कमांड लाइन ऑप्शन वाचणाऱ्या लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन कसं लिहायचं, पायरी पायरीने

कमांड लाइनचे ऑप्शन वाचणारी लायब्ररी बऱ्याच प्रोग्रामरनी एकदा तरी स्वतःची लिहिलेली असते, मीही लिहिली. कोड दोन आठवड्यांत झाला आणि डॉक्युमेंटेशन म्हणून डॉक्सिजन (कोडमधून आपोआप पानं बनवणारं टूल) चालवून मोकळा झालो. तीसेक फंक्शनं, प्रत्येकाखाली एक ओळ, "ऑप्शन जोडतं", "ऑप्शनची व्हॅल्यू देतं", दिसायला एकदम झकास. मग टीममधल्या एकाने विचारलं की युजरने तोच ऑप्शन दोनदा दिला तर कुठला धरायचा, पहिला की शेवटचा? मी म्हटलं थांब, बघून सांगतो. म्हणजे लायब्ररी मी लिहिलेली, डॉक्युमेंटेशन पण माझंच, आणि उत्तरासाठी कोड मलाच उघडावा लागला.

त्यानंतर जेवढे प्रश्न आले ते सगळे असलेच. अमुक फंक्शन काय करतं असं फारसं कोणी विचारलं नाही, सगळ्यांना एकच पाहिजे होतं, "युजरने हे टाइप केलं तर प्रोग्रामच्या हातात काय पडतं?" तेव्हा हा लेख त्याच अंगाने लिहितोय.

उदाहरणांबद्दल आधी सांगतो. प्रोग्रामचं नाव धरू 'गाळणी', तो फाइलमधल्या ओळी गाळतो. त्याला -अ आणि -ब हे नुसते चालू-बंद ऑप्शन आहेत, -क ला आकडा लागतो आणि त्याचंच लांब नाव --कमाल, शिवाय एक --फाइल. एवढ्यावर सगळं समजतं.

पायरी १: वाचणारे कोण ते ठरवा

दोन प्रकारचे लोक लगेच डोळ्यासमोर येतात. एक जो आज पहिल्यांदा लायब्ररी उघडतोय आणि दहा मिनिटांत त्याला काहीतरी चालताना बघायचंय. दुसरा जो सहा महिने वापरतोय आणि कुठेतरी अडकलाय. तिसऱ्याला आपण हमखास विसरतो, तो म्हणजे त्या प्रोग्रामचा युजर. त्याला तुमच्या लायब्ररीचं नावही माहीत नसतं, पण हेल्पचा मजकूर आणि एररचे मेसेज तो तुमचेच वाचत असतो. तुमचं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं लिखाण वेबपेजवर नाही, त्याच्या टर्मिनलवर आहे.

पायरी २: शब्द पक्के करा

ही पायरी कंटाळवाणी आहे पण टाळू नका. पॉझिक्समध्ये, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमच्या स्टँडर्डमध्ये, तीन वेगळे शब्द आहेत: ऑप्शन, ऑप्शनचं आर्ग्युमेंट, आणि ऑपरंड, म्हणजे डॅश नसलेलं उरलेलं, उदाहरणार्थ फाइलचं नाव. पायथनसोबत येणाऱ्या आर्गपार्स या ऑप्शन वाचणाऱ्या लायब्ररीने ऑपरंडला पोझिशनल म्हटलं. गो भाषेत ऑप्शनलाच फ्लॅग म्हणतात, तर बाकी बरेच लोक फ्लॅग म्हणजे फक्त चालू-बंदवाला असं धरतात. तुम्ही कुठलेही घ्या, पण एक जोडी घेतली की शेवटपर्यंत तीच ठेवा. एका पानावर 'पॅरामीटर', दुसऱ्यावर 'आर्ग्युमेंट', तिसऱ्यावर 'व्हॅल्यू' आणि तिन्ही एकच, असं झालं की वाचणारा गोंधळलाच समजा. पहिल्या पानावर एक कमांड लिहा आणि तिच्या प्रत्येक तुकड्याला नाव द्या, वेगळा शब्दकोश लागत नाही.

पायरी ३: 'टाइप केलं – मिळालं' तक्ता

हा सगळ्याचा गाभा. एक छोटा टेस्ट प्रोग्राम लिहा जो फक्त लायब्ररीला काय समजलं ते छापतो, आणि टर्मिनलवर बसून एकेक विचित्र कमांड द्या. जे येईल ते तसंच्या तसं उतरवा, 'यायला पाहिजे होतं' ते नाही. मी हे केलं तेव्हा माझ्याच लायब्ररीत चार बग सापडले, ते वेगळं.

तक्ता असा दिसेल:

    गाळणी -अब             → अ चालू, ब चालू
    गाळणी -अक१०           → अ चालू, कमाल = १०
    गाळणी -क १०           → कमाल = १०
    गाळणी --कमाल=१०       → कमाल = १०
    गाळणी --फाइल=         → फाइल = रिकामी स्ट्रिंग (एरर नाही)
    गाळणी --फाइल          → एरर: व्हॅल्यू नाही
    गाळणी -क ५ -क १०      → कमाल = १०, शेवटचा जिंकतो

आता एकेक घेऊ, कारण इथे 'हे तर सगळ्यांना माहीत असतं' असं म्हणून चालत नाही, प्रत्येक लायब्ररीचं वेगळं असतं.

अक्षरं चिकटवणं. गेटऑप्ट (सी मधलं ऑप्शन वाचणारं जुनं फंक्शन) आणि त्याच्या घराण्यात -अब म्हणजे -अ आणि -ब. गो भाषेच्या स्टँडर्ड फ्लॅग पॅकेजमध्ये -अब म्हणजे 'अब' नावाचा एक ऑप्शन, तिथे एक डॅश आणि दोन डॅश यात फरकच नाही. तिकडून आलेला माणूस तुमच्याकडे -कमाल टाइप करणार आणि लायब्ररी त्याचं -क आणि त्याची व्हॅल्यू 'माल' असं काहीतरी करत बसणार. म्हणून ही ओळ तक्त्यात पाहिजेच.

ऑप्शन आणि फाइलची सरमिसळ. गाळणी नोंदी -अ असं दिलं तर -अ हा ऑप्शन आहे का दुसरी फाइल? पॉझिक्सच्या नियमाने ऑप्शन आधी, ऑपरंड नंतर. ग्नूचं (लिनक्सवर नेहमी असतं ते) गेटऑप्ट मात्र आर्ग्युमेंटची यादी स्वतःच मागेपुढे करून ऑप्शन कुठेही असला तरी उचलतं, आणि एन्व्हायरनमेंटमध्ये पॉझिक्सली_करेक्ट हे व्हेरिएबल सेट केलं की ते बंद होतं. गोचं पॅकेज पहिल्या ऑपरंडलाच थांबतं. म्हणजे तीच कमांड, ठिकाण बदललं की वेगळा निकाल! तुमच्यात काय होतं ते लिहा, आणि यादी मागेपुढे होत असेल तर तेही लिहा, कारण कोणीतरी ती मूळ यादी नंतर लॉगमध्ये छापतो आणि क्रम बदललेला बघून डोकं धरून बसतो.

नुसते दोन डॅश. -- नंतरचं सगळं ऑपरंड, हा नियम बहुतेक ठिकाणी पाळतात, पण लोकांना त्याचं कारण माहीत नसतं. -अ नावाचीच फाइल असेल तर? तिथे गाळणी -- -अ लागतं, किंवा ./-अ. आणि नुसता एक डॅश म्हणजे रिवाजाने स्टँडर्ड इनपुट, पण फाइल उघडणं लायब्ररीचं काम नाही, ती फक्त '-' ही स्ट्रिंग जशीच्या तशी देते. हे वाक्य लिहिलं नाहीत तर कोणीतरी इश्यू उघडणारच की 'डॅश दिला तर स्टँडर्ड इनपुट वाचत नाही'.

उणे आकडे. गाळणी --कमाल -५ यात -५ ही व्हॅल्यू की नवा ऑप्शन? ग्नूचं गेटऑप्ट_लाँग, ऑप्शनला व्हॅल्यू लागत असेल तर पुढचा शब्द डोळे झाकून उचलतं, डॅश असो नसो. आर्गपार्स जरा विचार करतं: तुमच्या प्रोग्राममध्ये उणे आकड्यासारखा दिसणारा ऑप्शन नसेल तरच -५ ला आकडा मानतं. दोन्ही पद्धती ठीक आहेत, न लिहिणं ठीक नाही.

असली-तर-असली व्हॅल्यू. ही सगळ्यात वाईट जागा. ग्नूमध्ये अक्षरापुढे दोन कोलन दिले की व्हॅल्यू ऐच्छिक होते, पण मग ती चिकटूनच द्यावी लागते. -क१० चाललं, पण -क १० लिहिलं तर १० वेगळा ऑपरंड होतो आणि -क रिकामाच राहतो. एररही येत नाही. माझं स्पष्ट मत, लायब्ररीत ही सोय असेल तर डॉक्युमेंटेशनमध्ये तिच्याखाली 'शक्यतो वापरू नका' असं लिहा आणि का ते या दोन ओळींनी दाखवा.

अर्धवट नावं. ग्नूचं गेटऑप्ट_लाँग आणि आर्गपार्स दोघंही --कमाल ऐवजी --कम चालवून घेतात, दुसरं कुठलं नाव तसं सुरू होत नसेल तोपर्यंत. सोयीचं वाटतं. पण उद्या --कमतरता नावाचा ऑप्शन आला की कोणाच्या तरी स्क्रिप्टमधलं --कम मोडतं, आणि त्याने तर काहीच बदललेलं नसतं. आर्गपार्समध्ये ३.५ पासून हे बंद करायची सोय आली. तुमच्याकडे असेल तर ती डॉक्युमेंटेशनच्या तळाशी पुरू नका.

यादीवाला ऑप्शन. दरवेळी दिला की यादीत भर, हे सोपं आहे, पण डीफॉल्ट यादी आधीच भरलेली असेल तर? आर्गपार्समध्ये भर त्या डीफॉल्टमध्येच पडते, डीफॉल्ट पुसून नाही. अर्ध्या लोकांना उलटं वाटतं. एक ओळ तक्त्यात टाकली की प्रश्न मिटला.

पायरी ४: पहिलं पान

इथे तत्त्वज्ञान नको. 'ही लायब्ररी हलकी, वेगवान आणि लवचिक आहे' हे वाक्य सगळ्याच लायब्रऱ्यांवर असतं, त्याने कोणाचं काही अडत नाही. त्याऐवजी एक अख्खा प्रोग्राम द्या जो कॉपी करून पेस्ट केला की चालतो. अख्खा म्हणजे वरच्या इंपोर्टसकट, मेनसकट, कसा कंपाइल करायचा त्या ओळीसकट. तुकडे देणारी उदाहरणं लिहिणाऱ्याला नीट वाटतात कारण बाकीचं त्याच्या डोक्यात असतं.

त्या खाली तीन वेळा चालवून दाखवा: एकदा नीट, एकदा --हेल्प देऊन, आणि एकदा चुकीचा ऑप्शन देऊन. तिसरं कोणी दाखवत नाही, पण नवीन माणूस पहिल्या पाच मिनिटांत तिथेच पोचतो.

पायरी ५: फंक्शनांची यादी, पण नीट

यादी लागतेच, ती फेकून द्या असं म्हणत नाही. पण प्रत्येक फंक्शनखाली काय लिहायचं? परत काय येतं आणि त्याचा टाइप नेमका कुठला, मेमरी कोणाची, चूक झाली तर काय, ग्लोबल काही बदलतं का.

टाइपची गंमत सांगतो. सी मधलं गेटऑप्ट इंट परत देतं आणि संपलं की -१. लोक ते कॅर मध्ये ठेवतात, कारण अक्षरच तर येतंय ना! इंटेलवाल्या मशिनवर साधारणपणे कॅर साइन्ड असतो, म्हणजे उणे आकडेही धरतो, त्यामुळे चालून जातं. तोच कोड एआरएमच्या लिनक्सवर नेला की तिथे कॅर अनसाइन्ड, -१ चा २५५ होतो, तुलना कधीच जुळत नाही आणि लूप थांबतच नाही. आता हे मॅन्युअलमध्ये नाही का? आहे, टाइप इंटच लिहिलाय. पण 'का' लिहिलेलं नसलं की माणूस त्यावरून पुढे सरकतो. उदाहरणातच व्हेरिएबल इंट ठेवा आणि शेजारी एक ओळ कॉमेंट टाका, एवढं पुरतं.

मेमरीचं तसंच. गेटऑप्टचा ऑप्टआर्ग हा पॉइंटर थेट आर्ग्युमेंटच्या स्ट्रिंगमध्येच असतो, कॉपी नसते. म्हणजे फ्री करायचा नाही. तुमची लायब्ररी कॉपी करत असेल तर फ्री कोणी करायचं? न लिहिलेलं असलं की निम्मे लोक करणार नाहीत आणि उरलेले दोनदा करतील.

आणि ग्लोबल. गेटऑप्ट आपली स्थिती ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवतं, त्यामुळे दोन थ्रेडमधून चालवता येत नाही, आणि दुसरी यादी वाचायची तर सगळं परत शून्यावर आणावं लागतं. त्याचीही पद्धत एक नाही: साधारण ऑप्टइंड (पुढचं कुठलं आर्ग्युमेंट वाचायचं तो क्रमांक) १ करतात, ग्नूमध्ये पूर्ण रिसेट हवा तर ०, आणि बीएसडीत ऑप्टरिसेट नावाचं वेगळंच व्हेरिएबल. ऑप्शन एकदाच वाचायचे असतात असं धरून आपण हे लिहीत नाही, पण टेस्ट लिहिणारा माणूस एकाच प्रोसेसमध्ये पन्नास वेळा वाचतो, त्याला हे पहिल्या दिवशी लागतं.

पायरी ६: चुकांचं पान

प्रत्येक एररसाठी चार गोष्टी: मेसेज जसा छापला जातो तसाच, तो कशामुळे येतो, प्रोग्रामला कोडमधून कसा ओळखायचा, आणि लायब्ररी स्वतः प्रोग्राम बंद करते का. शेवटचं फार महत्त्वाचं. आर्गपार्स चूक दिसली की स्टँडर्ड एररवर मेसेज छापून एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना मागे ठेवतो तो आकडा) २ ने बाहेर पडतं. छोट्या टूलला हे मस्त, पण कोणी तुमची लायब्ररी एखाद्या चालू सर्व्हरच्या आत कमांड वाचायला वापरत असेल तर एका चुकीच्या अक्षराने अख्खा सर्व्हर बंद.

कुठला मजकूर कुठे जातो तेही लिहा. ग्नूचा रिवाज असा की --हेल्प मागितलं तर ते स्टँडर्ड आउटपुटवर आणि एक्झिट कोड ०, कारण ती चूक नाही, माणसाने मागितलं म्हणून दिलं. चुकीच्या ऑप्शनचा मेसेज स्टँडर्ड एररवर आणि कोड शून्य सोडून काहीतरी. हे उलटसुलट झालं की हेल्प पाइप करून वाचणाऱ्याला रिकामी स्क्रीन दिसते.

मेसेज शब्दशः छापायचा म्हणतोय कारण लोक तोच कॉपी करून शोधतात. तुम्ही सुंदर भाषेत 'अवैध निवडीची हाताळणी' असं शीर्षक दिलंत तर कोणालाच सापडणार नाही.

पायरी ७: शेलचं पाप आपल्या डोक्यावर घेऊ नका

हे पान मी फार उशिरा लिहिलं आणि त्यानंतर निम्मे प्रश्न बंद झाले. लायब्ररीला कमांड मिळते त्याच्या आधीच शेलने, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामने, तिच्यावर हात फिरवलेला असतो. युनिक्सच्या शेलमध्ये *.टेक्स्ट दिलं तर लायब्ररीकडे तारा येतच नाही, फाइलांची नावं येतात, विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये मात्र ताराच येतो. अवतरण चिन्हं शेल काढून टाकतो. आणि बॅशमध्ये --फाइल ~/नोंदी दिलं तर ~ चं होम डिरेक्टरी होतं, पण --फाइल=~/नोंदी दिलं तर होत नाही, ~ तसाच पोचतो आणि 'फाइल सापडली नाही'. युजर म्हणणार लायब्ररी बिघडली. एका पानात हे तीन-चार प्रकार दाखवा, आणि पायरी ३ मधला छापणारा टेस्ट प्रोग्राम सोबत द्या, म्हणजे माणूस स्वतःच बघेल की काय पोचलं.

पायरी ८: हेल्पचा मजकूर कसा बनतो ते सांगा

बहुतेक लायब्रऱ्या हेल्प आपोआप बनवतात, पण त्यातलं काय कुठून येतं ते लिहिलेलं नसतं. वर्णन कुठून, क्रम कोण ठरवतं, लांब ओळ कुठे मोडते, डीफॉल्ट दिसतो की नाही. छोट्या अडचणी मुद्दाम लिहा, जसं आर्गपार्सच्या हेल्पमध्ये टक्क्याचं चिन्ह हवं तर ते दोनदा लिहावं लागतं, कारण एकटं टक्का चिन्ह तिथे फॉरमॅटिंगसाठी राखीव आहे.

वापराच्या ओळीची खूणभाषा पण एकदा समजावून सांगा: चौकटी कंसातलं ऐच्छिक, उभ्या रेघेने जोडलेलं 'हे किंवा ते', तीन टिंबं म्हणजे पुन्हा पुन्हा चालतं. डॉकऑप्ट नावाच्या लायब्ररीने तर गंमतच केली, तिथे तुम्ही हेल्पचा मजकूरच लिहायचा आणि त्यावरून पार्सर बनतो. रस्टच्या क्लॅप लायब्ररीमध्ये कोडमधली डॉक कॉमेंटच हेल्प होते, पहिला परिच्छेद छोट्या -एच ला आणि पूर्ण मजकूर --हेल्प ला. असं काही तुमच्यात असेल तर कॉमेंट लिहिणाऱ्याला हे ठळक सांगा, नाहीतर 'हा भाग नंतर दुरुस्त करायचाय' ही कॉमेंट थेट युजरच्या स्क्रीनवर जाते. गेलेली पाहिलीय.

मॅन पेज (युनिक्समध्ये टर्मिनलवर वाचायचं मॅन्युअल) देणार असाल तर लायब्ररीचं फंक्शन विभाग ३ मध्ये, युजरची कमांड विभाग १ मध्ये. हेल्पच्या आउटपुटवरून मॅन पेज बनवायला हेल्पटूमॅन नावाचं टूल आहे, सुरुवातीला तेवढंही चालतं.

पायरी ९: नेहमीच्या कामांच्या कृती

प्रत्येकी अर्धं पान: सबकमांड, एकत्र न चालणारे दोन ऑप्शन, कॉन्फिग फाइल आणि एन्व्हायरनमेंट आणि कमांड लाइन यात कोण वरचढ (नेहमीचा क्रम: कमांड लाइन सगळ्यात वर, मग एन्व्हायरनमेंट, मग फाइल, शेवटी डीफॉल्ट). हो-नाही व्हॅल्यू घेणाऱ्या ऑप्शनची कृती नक्की द्या. आर्गपार्समध्ये लोक टाइप म्हणून बूल देतात आणि मग युजरने 'फॉल्स' टाइप केलं तरी ट्रू मिळतं, कारण पायथनमध्ये रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग ट्रूच. आणि पासवर्ड ऑप्शनमध्ये घेऊ नका हे कुठल्याही उदाहरणात पाळा, चालू प्रोसेसच्या यादीत अख्खी कमांड इतरांना दिसू शकते. उदाहरणं लोक डोळे मिटून उचलतात, त्यामुळे --पासवर्ड असलेलं उदाहरण दिलंत की तसेच प्रोग्राम बनणार.

पायरी १०: उदाहरणं मशीनकडून तपासून घ्या

पायथनमध्ये डॉकटेस्ट आहे, रस्टमध्ये डॉक कॉमेंटमधला कोड कार्गो टेस्ट चालवतं, गोमध्ये एक्झाम्पल फंक्शनं आउटपुट जुळवून बघतात. सी असेल तर एक छोटी स्क्रिप्ट लिहा जी डॉक्युमेंटेशनमधल्या कमांड बाहेर काढून चालवते आणि निकाल ताडून बघते. तक्ता तर टेस्टच आहे, फक्त तो माणसांना वाचता येतो. मी तक्ता एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवला, त्यातूनच वेबपेज बनतं आणि त्यातूनच टेस्ट चालतात, त्यामुळे वागणूक बदलली की बिल्डच पडतो.

याच्यातच ठरवा की काय बदलणार नाही याची हमी देताय. पायथन ३.१० मध्ये आर्गपार्सच्या हेल्पमधलं 'ऑप्शनल आर्ग्युमेंट्स' हे शीर्षक बदलून नुसतं 'ऑप्शन्स' झालं, नाव बरोबर केलं म्हणून चांगलंच, पण हेल्पचा मजकूर शब्दशः ताडणाऱ्या टेस्ट त्याने पडू शकतात हे त्यांना बदलांच्या नोंदीत लिहावं लागलं. तुमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये सरळ लिहा: पार्सिंगची वागणूक आणि एक्झिट कोड यांची हमी, हेल्पच्या रचनेची नाही. किंवा उलट. पण लिहा.

पायरी ११: कोणाला तरी बसवा

लायब्ररी कधी न बघितलेला एक माणूस, पहिलं पान, रिकामी फाइल. तुम्ही शेजारी बसा आणि बोलू नका, हेच अवघड आहे. तो पानावरून उठून सर्च करायला गेला की ती जागा लिहून ठेवा. माझ्या वेळी तो बिचारा पहिल्या उदाहरणातच अडकला, मी हेडर फाइलचं नाव लिहायचं विसरलो होतो, आणि अकरा मिनिटं आम्ही दोघंही गप्प बसलो होतो.